शेवटची जोडी

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मापकाकांनी ठरवलं, की आता आपल्या बायकोला शहाणं करायचंच. (असं ठरवणारे नवरे जगात पुष्कळ होऊन गेले. पुढं त्यांचं काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, यावरूनच काय ते ओळखावं.)

कारण काही फार मोठं, देशाच्या भल्याचं वगैरे नव्हतं. कारण झोप हे होतं.

मापकाकांनी एकेचाळीस वर्षं बुटांच्या दुकानात विक्रेत्याचं काम केलं. माणूस दारातून आत आला की ते त्याच्या तोंडाकडं बघायच्या आधी पायाकडं बघायचे आणि बसल्या जागेवरून नंबर सांगायचे. पट्टी लावून मोजलं तर तोच निघायचा. म्हणून गल्लीनं त्यांचं नाव मापकाका ठेवलं. त्यांच्या डोक्यात सगळी गल्ली नंबरानंच राहायची. पोस्टमन म्हणजे नऊ, रुंद. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणजे सहा, उजवा किंचित मोठा. समोरचा न्हावी म्हणजे आठ, पण हट्टानं सात घालणारा. रिटायर झाल्यापासून त्यांना एकच सुख उरलं होतं, दुपारी दोन ते चार अशी घोरत काढलेली झोप.

आणि ती झोप काकूंच्या हातात होती. काकू रोज दोनच्या ठोक्याला खाली तळमजल्यावर शिवणताईंकडं जायच्या. ताई मशीन चालवायच्या, काकू काजं-बटणं करायच्या आणि दोघी बोलायच्या. तीस वर्षं हे चाललं होतं. काय बोलतात हे काकांनी कधी विचारलं नाही. मधूनमधून वरपर्यंत जे हसणं ऐकू यायचं, त्यावरून विषय आपणच असणार असा त्यांचा अंदाज होता. पण दोन तास शांततेचे मिळत असतील तर माणसानं थोडी बदनामी सोसावी.

गेले नऊ दिवस काकू खाली गेल्या नव्हत्या. दुपारभर त्या समोरच्या खुर्चीत बसून असायच्या, हातात फोन. काकांचा डोळा लागतोय न लागतोय तोच आवाज यायचा.

“अहो, ऐकलंत का? बेकरीवालीनं काय ठरवलंय माहितीय?”

तर झालं होतं असं. वॉर्डाची निवडणूक तोंडावर आलेली. एका बाजूला गॅरेजवाला उभा, दुसऱ्या बाजूला बेकरीवाली. दोघंही याच गल्लीतले, दोघंही कालपरवापर्यंत एकमेकांना हात करणारे. पण फोनवरचा गल्लीचा ग्रुप उघडावा तर जणू उद्या सकाळी जग बुडणार. एके दिवशी त्यात एक फोटो आला. दवाखान्याच्या दाराला हे एवढं कुलूप, आणि खाली लिहिलेलं: ‘आपला दवाखाना कायमचा बंद होणार! बेकरीवालीचा डाव! हा मेसेज काढून टाकला जाण्याआधी पन्नास जणांना पाठवा. जो पाठवणार नाही तो दवाखान्याचा वैरी समजावा.’

काकूंचा रक्तदाब दर सोमवारी त्याच दवाखान्यात मोजला जायचा. वाचल्या वाचल्या त्या कामालाच लागल्या. त्यांनी पन्नास जणांना मेसेज पाठवला. (ओळखीचे एकोणचाळीस निघाले, उरलेल्या अकरांत गॅस दुरुस्तीवाला, दोनदा चुकून लागलेला नंबर आणि काकूंच्या शाळेतल्या एक बाई होत्या, ज्यांना वारून सहा वर्षं झाली होती.) मग त्या खाली ताईंकडं गेल्या.

“माझा मेसेज बघितलास?”

“बघितला.”

“मग पुढं पाठवलास?”

“असल्या मेसेजला मी कात्री लावते,” ताई म्हणाल्या. बाईंची जीभ पहिल्यापासून कात्रीच्याच कारखान्यातली. आणि नेमका त्यांच्या मांडीवर तेव्हा पांढरा ॲप्रन होता. बेकरीचा. बारा नगांची ऑर्डर.

काकूंनी ॲप्रनकडं बघितलं, ताईंकडं बघितलं. “अच्छा. म्हणजे तू त्यांच्यातली.”

“आणि तू गं कुणाच्यातली?”

काकू अर्धवट राहिलेलं काज तसंच टाकून वर आल्या, त्या आल्या. खाली मशीन चालायचं, पण हसण्याचा आवाज बंद. दोन वाजले की काकूंचा हात सुईच्या डब्याकडं जायचा आणि परत यायचा. हे काकांनी बघितलं होतं. झोप गेली म्हणून ते वैतागले होते हे खरं, पण तो डब्याकडं जाऊन परत येणारा हात बघून त्यांना जेवण गोड लागेना हेही तितकंच खरं.

आधी त्यांनी सरळ सांगून बघितलं.

“अगं, तो फोटो रविवारचा आहे. रविवारी दवाखान्याला कुलूपच असतं.”

“फोटोवर कुठं लिहिलंय रविवार म्हणून?”

“लिहीत नाहीत, तीच तर लबाडी! हे सगळं आमच्या दुकानदारीसारखं आहे. गिऱ्हाईकाला घाबरवायचं, घाई करायची...”

“हो हो! तुम्हाला विचारूनच लिहितात ना ते!” काकू म्हणाल्या आणि फोनमध्ये डोकं घातलं.

तेव्हाच काकांनी ते ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं. बोलून उपयोग नाही, करून दाखवायचं. ते उठले, बूट घातले आणि आपल्या जुन्या दुकानात जाऊन हजर झाले.

तिथला नवा मॅनेजर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. काका म्हणाले, “मला ते उतरतं स्टूल दे, बूट चढवायचं शिंग दे, जमिनीवर ठेवायचा छोटा आरसा दे, गालिच्याचा तुकडा दे, आणि पट्टीवाले तपकिरी बूट, दोन जोड्या. एक तीन नंबर, एक चार.”

“घरी दुकान काढताय का काका?”

“शाळा काढतोय,” काका म्हणाले.

“काकूंचा नंबर मोजून घ्यायचा होता ना?”

यावर काका नुसते हसले. “माझ्या बायकोचा नंबर मला मोजावा लागेल होय रे?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठकीच्या खोलीचं दुकान झालं. टेबल भिंतीला सरकवलं, मधोमध गालिचा, आरसा जमिनीवर थोडा मागं कललेला. काका टाय बांधून उभे. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दारातच थांबल्या.

“हे काय नवीन?”

“या बाईसाहेब, बसा. असा पाय आम्हाला वर्षातून एखाद्या वेळीच दिसतो.”

“डोकं ठिकाणावर आहे ना?”

“कमान बघा कमान! घरंदाज पाय. कुणाला दाखवायचा म्हणजे बूटसुद्धा तसाच पाहिजे.”

काकू नाही नाही म्हणत स्टुलावर टेकल्या. (टेकलेलं गिऱ्हाईक निम्मं आपलं, हे काकांचं जुनं मत.) काकांनी आधी तीन नंबरचा बूट काढला, शिंग लावलं आणि जोर करून पाय आत कोंबला.

“आई गं! मारताय की काय!”

“अरेरे, हा घट्ट होतोय का? हल्ली बाजारात सगळे असेच येतात. लोकांचे पाय पार बिघडवून टाकलेत मेल्यांनी. थांबा, तुमच्यासाठी एक बघतो.” चार नंबरचा आला. पाय सुळकन नाही, पण गेला.

“हां! हा बरा आहे!”

“बरा? अहो, कालच डॉक्टरीणबाईंनी हाच नेला. चला, चार पावलं चाला. आरशात बघा.”

काकू गालिच्यावर चालल्या. आरशात घोटा दिसला, तपकिरी पट्टी दिसली. चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा जरा उजेड पडला.

“छान दिसतोय. पण जरा विचार करते.”

आता काकांनी आपला हुकमी एक्का काढला. एकेचाळीस वर्षं हे वाक्य त्यांनी सांभाळून वापरलं होतं. ते म्हणताना ते नेहमी खोक्यावर झाकण ठेवायचे, हळूच, दुःखानं.

“विचार जरूर करा, बाईसाहेब. पण जोडी थांबेल का? शेवटची आहे.”

“द्या बांधून!” काकू म्हणाल्या.

“फसलीस!” काका ओरडले. उडी मारायचंच बाकी ठेवलं त्यांनी. “आता ऐक. आधी स्तुती केली, तू बसलीस. मग मुद्दाम घट्ट बूट दिला, म्हणून दुसरा बरा वाटला. तुझ्या ग्रुपवर हेच चाललंय. आधी दवाखाना बंद, जग बुडालं, असं घाबरवायचं. माणूस कळवळला की मग आपला उमेदवार पुढं करायचा. तो कसाही असला तरी बरा वाटतो.”

काकूंनी पायाकडं बघितलं.

“डॉक्टरीणबाईंनी नेला म्हटलं, नेला का त्यांनी? मला काय माहीत! ‘अख्खी गल्ली आमच्या बाजूनं’ म्हणतात ते तसंच. आरसा बघ. घोटाच दिसतो, अख्खी बाई दिसते का? तुझ्या त्या फोटोत कुलूप दिसतं, रविवार दिसत नाही. आणि शेवटची जोडी! माळ्यावर दहा पडलेल्या असतात. ‘काढून टाकण्याआधी पाठवा’ म्हणजे दुसरं काय?”

काकूंनी बुटाच्या टोकानं गालिचा दाबून बघितला. मग हळूच म्हणाल्या, “आणि हा गालिचा कशाला?”

“गालिच्यावर कुठलाही बूट मऊ लागतो.”

“आणि घरी फरशीवर गेल्यावर चावला तर?”

“तोपर्यंत बिल झालेलं असतं.”

“म्हणजे मतदानाच्या दिवसापर्यंत गालिचा,” काकू म्हणाल्या, “आणि तिथून पुढं पाच वर्षं फरशी.”

काकांनी टाय सैल केला. इतकं चांगलं वाक्य आपल्याला एकेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं. पण विद्यार्थिनी हुशार निघाली म्हणजे मास्तर भला, असं म्हणून ते खाली वाकले. “दे ते बूट. परत करायचेत.”

“परत कशाला? मला आवडलेत.”

“अगं, मी फसवलं तुला! तेच तर शिकवत होतो!”

“फसवलंत ते कळलं. पण बूट चांगले आहेत.”

शिकवणीची फी म्हणून बूट काकूंकडं राहिले.

पुढचे चार दिवस काकांच्या आयुष्यातले फार वाईट गेले. काकू शिकल्या होत्या, आणि नको तितक्या शिकल्या होत्या.

“तुझ्या हातच्या चहासारखा चहा कुठं मिळत नाही बघ,” काका सकाळी म्हणाले.

“स्तुती,” काकू म्हणाल्या. पेपरातून मान वर नाही.

“सगळ्यांच्या घरी आता चहा झाला असेल.”

“अख्खी गल्ली.”

“साडेआठ वाजले, आता जर झाला नाही तर दूध नासेल.”

“शेवटची जोडी. उठा, आणि तुमचा तुम्ही करून घ्या. मलाही ठेवा अर्धा कप.”

ग्रुपवर तर त्यांनी धुमाकूळ घातला. गॅरेजवाल्याच्या बाजूनं काही आलं की खाली काकूंचा शेरा: ‘घट्ट बूट.’ बेकरीवालीच्या बाजूनं बागेतल्या तुटक्या झोपाळ्याचा फोटो आला, ‘गॅरेजवाला आला तर बागेत टायरचा ढीग!’ म्हणून, तर त्याखाली: ‘आरसा पूर्ण दाखवा.’ गल्लीला आधी कळेना. पोस्टमननं विचारलं, ‘काकू, बुटांचा सेल लागलाय का?’ मग काकूंनी समजावून सांगितलं आणि तोही शेरे मारायला लागला.

सगळं झालं. एक सोडून. काकू खाली गेल्या नाहीत.

“अगं, मेसेज खोटा होता हे तुला पटलं ना? मग जा की ताईंकडं.”

“मेसेज खोटा होता. पण ती मला ‘तू कुणाच्यातली’ म्हणाली ते तर खरंच होतं ना? तिनं यावं वर.”

“आधी तू म्हणालीस तिला.”

“मला फसवलं होतं. तिला कुणी फसवलं होतं?”

पण हात टेकतील ते मापकाका कसले. एकदा एका बाईंना बावीस जोड्या दाखवून तेविसावी विकलेला माणूस तो.

रविवारी काकू मोठ्यानं वाचत होत्या. “गॅरेजवाल्यांचं आलंय. ‘नागरिकहो, विचार जरूर करा. पण दवाखाना थांबेल का?’”

काका चमकले.

पाव तासानं काकू परत म्हणाल्या, “आता बेकरीवालीचं. ‘मतदारांनो, विचार जरूर करा. पण बाग थांबेल का?’” त्यांनी चष्मा काढला. “अहो.”

“काय?”

“हे वाक्य तुमचं आहे.”

“अगं, असं कुणीही...”

“चाळीस वर्षांपूर्वी मी दुकानात बूट घ्यायला आले होते. तुम्ही पाय मोजलात, नंबर चार म्हणालात आणि पुढच्या रविवारी मी बूट न्यायला आले, तर लग्नाचं विचारलंत. मी म्हटलं, विचार करते. तर खोक्याचं झाकण लावत काय म्हणालात?”

काकांनी खिडकीबाहेर बघितलं.

“‘विचार जरूर करा, पण मी थांबेन का?’ म्हणालात! मी घाबरून हो म्हटलं!” काकू उठून उभ्या राहिल्या. “माळ्यावर दहा पडलेल्या असतात काय! खरं सांगा, दुसरी कोण होती?”

“कुणी नव्हती गं.”

“म्हणजे तेही खोटंच!”

(या संभाषणातून पुरुषाला बाहेर पडायची वाट नसते. असती तर मापकाकांना सापडली असती.)

पण खिडकीबाहेर बघता बघता त्यांना एक माणूस आठवला. टकला, जाड चष्म्याचा, पायात साडेसात. दोन महिन्यांपूर्वी चहाच्या टपरीवर बाकावर येऊन बसला होता. ‘तुम्हीच ना ते मापकाका? तुमच्याइतकं गिऱ्हाईकाचं मन ओळखणारा माणूस या शहरात नाही म्हणे. आमच्यासारख्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी तुमच्याकडून शिकावं.’ काकांनी शिकवलं होतं. तीन दुपारी. झोप मोडून. घट्ट बूट, आरसा, गालिचा, डॉक्टरीणबाई, सगळं. त्यानं वहीत लिहून घेतलं होतं आणि चहासुद्धा काकांनीच पाजला होता.

काका तडक निघाले. त्या चष्मेवाल्यानं तेव्हाच पत्ता दिला होता: ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर, जिना चढून. आत दोन टेबलं. एकावर गॅरेजवाल्याचा फोटो, एकावर बेकरीवालीचा, आणि दोन्हींच्या मध्ये चाकाच्या खुर्चीवर चष्मेवाला, इकडून तिकडं सरकणारा.

“दोघांचंही तूच लिहितोस?”

“सकाळी त्यांचं, दुपारी यांचं. काका, तुम्हीसुद्धा डावा आणि उजवा दोन्ही विकतच होता की!”

“लाज वाटत नाही? तुझ्या त्या मेसेजनं तीस वर्षांची मैत्री मोडली माझ्या घरात!”

“मैत्री मोडली?” चष्मेवाल्यानं खुर्ची पुढं ओढली. “वा! म्हणजे पोहोचला मेसेज! काका, हे तुमच्याशिवाय जमलं नसतं. गुरू तो गुरूच. फक्त एक अडतंय. तरुण मंडळी काही केल्या बधत नाहीत. पण तुम्हालाही त्यावर काही सुचेल असं वाटत नाही म्हणा.”

“न सुचायला काय झालं?” काका म्हणाले. “तरुण गिऱ्हाईक आलं की त्याला विकायचंच नाही, उलट सांगायचं की हा बूट तुला...”

आणि ते थांबले. चष्मेवाल्यानं वही उघडली होती.

काकांनी उरलेलं वाक्य गिळलं. इतकं मोठं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी गिळलं नव्हतं. जिना उतरता उतरता त्यांनी हिशेब केला. स्तुती, आणि मग ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणून डिवचणं. आपलंच शिंग, आपलाच पाय. सुळकन.

बाहेर रस्त्यावर उभं राहून त्यांनी दुसरी गोष्ट ठरवली. पहिलीपेक्षा अवघड. घरी येऊन ते टेबलाशी बसले आणि एका बोटानं, पाऊण तास खपून, ग्रुपवर लिहिलं:

‘गल्लीतल्या सर्वांस. दवाखान्याचा आणि बागेचा, दोन्ही बाजूंचे मेसेज एकच माणूस लिहितो. त्याला लोकांना घाबरवायची आणि घाई करायला लावायची कला मी शिकवली. त्यानं माझी स्तुती केली, मी फुगलो. दवाखान्यात मी स्वतः विचारून आलो, तो बंद होत नाही. कुलपाचा फोटो रविवारचा आहे. मत कुणालाही द्या, पण गालिच्यावरून उतरून, फरशीवर चालून बघा. ज्यांची आपसांत भांडणं झाली त्यांनी माझ्या पायावर आणून घालावीत. मापकाका.’

(दवाखान्यात ते खरंच वाटेत जाऊन आले होते. रविवार होता. कुलूप होतं. म्हणून पलीकडच्या दारानं डॉक्टरीणबाईंच्या घरी गेले. बाई म्हणाल्या, ‘बंद? आम्ही तर नवं वजनाचं मशीन मागवलंय. तुम्ही उभे राहून बघा.’ काका उभे राहिले नाहीत.)

ग्रुपवर आधी न्हाव्यानं विचारलं, ‘काका, म्हणजे मला तुम्ही सात नंबर विकलात तीही कलाच का?’ मग हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. काकांनी फोन पालथा ठेवला.

काकूंनी तो मेसेज दोनदा वाचला. तपकिरी बूट घातले, सुईचा डबा उचलला आणि जिना उतरायला लागल्या. काका वरच्या पायरीवर उभे राहिले.

खाली दार उघडंच होतं. ताई गळ्यात टेप घालून उंबऱ्यात उभ्या. त्यांच्याही हातात फोन. दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि पहिल्यांदा कुणी बोलायचं यावर नवं भांडण होतंय की काय असं काकांना वाटलं.

ताईंची नजर खाली गेली.

“लंगडतेस का गं?”

“कुठं? नाही.”

“चार दिवस जिन्यात बघतेय, लंगडतेस. काढ तो बूट.”

“नवीन आहे म्हणून जरा...”

“काढ म्हणते ना!”

काकूंनी बूट काढला. बोटं टोमॅटोसारखी लाल. ताईंनी फतकल मारून काकूंचा पाय मांडीवर घेतला, गळ्यातला टेप लावला, बुटाचा तळवा उलटा करून बघितला आणि मान वर केली, थेट जिन्याच्या वर.

“भाऊजी! हिचा पाय पाच नंबर आहे! दोन बाळंतपणांनंतर सगळ्यांचाच वाढतो. तुम्ही चार आणलेत!”

“चारच आहे तिचा नंबर,” काका वरून म्हणाले. “मी स्वतः मोजलाय.”

“कधी?”

काकांनी कठड्यावरची धूळ झटकली.

“चाळीस वर्षांपूर्वी,” काकू म्हणाल्या.

मग ताईंच्या पोटातून काहीतरी गुरगुरत वर आलं आणि फुटलं. काकू आधी ओठ दाबून बसल्या, मग त्याही. तीस वर्षांचं जुनं हसणं, तेच, वरपर्यंत ऐकू येणारं. या खेपेला विषय काय आहे, याबद्दल काकांना अंदाज करावा लागला नाही.

“आणि तू गप्प घालून फिरलीस चार दिवस?” ताई डोळे पुसत म्हणाल्या.

“आधीचा त्याहून घट्ट होता गं.”

“मी यायला हवं होतं वर,” ताई एकदम म्हणाल्या.

“मी यायला हवं होतं खाली. आलेच की.” काकूंनी डबा उघडला. “ॲप्रन राहिलेत का अजून?”

“सात. काजं तुझीच वाट बघतायत.”

काका पाय न वाजवता आत गेले आणि पलंगावर आडवे झाले. कसे झोपले म्हणून सांगू!

सोमवारी दुपारी दोघी मिळून दुकानात गेल्या, बूट बदलून आणायला. चार वाजता परत आल्या. काकूंच्या पायात पाच नंबर, चाल हरणासारखी. ताईंच्या हातात आणखी दोन खोकी. स्टूल, गालिचा, आरसा अजून बैठकीच्या खोलीतच होते.

“भाऊजी, बसा जरा स्टुलावर. तुमच्यासाठी सपाता आणल्यात.”

“मला कशाला?”

“इतकं खरं, इतकं उघड लिहायला छाती लागते,” ताई म्हणाल्या. “आमच्या अख्ख्या गल्लीत एका तरी पुरुषानं लिहिलं असतं का?”

“मी काय... खरं ते लिहिलं,” काका म्हणाले आणि स्टुलावर टेकले.

“आधी या एका घालून बघा,” काकू गुडघ्यावर बसत म्हणाल्या. काकांचा पाय निम्म्यात अडकला. “अगंबाई, या लहान आल्या. या दुसऱ्या बघा.”

“हां, या बऱ्या आहेत!”

“पोस्टमननं कालच अशा घेतल्या. चाला ना चार पावलं.”

काका गालिच्यावर चालले. आरशात घोटा दिसला. खरंच रुबाबदार दिसत होता. आपल्याला आधीच कुणी अशा सपाता कशा आणून दिल्या नाहीत, असं त्यांच्या मनात आलं.

“ठेवू का खोक्यात परत?” काकूंनी झाकण हातात घेतलं. “विचार करायचा असेल तर करा.”

“विचार कसला? अगदी मापात आहेत!”

“मग आता जरा चहा टाका,” दोघी एकदम म्हणाल्या आणि खुर्च्यांवर बसल्या.

काका ऐटीत निघाले. गालिचा संपला, स्वयंपाकघराची फरशी लागली. पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्या पावलाला ते थांबले. एक सपात काढून उलटी केली. तळव्यावर लिहिलेलं होतं सात. काकांचा नंबर आठ.

बाहेरच्या खोलीत कमालीची शांतता होती. दोघी कान देऊन बसल्या असणार. काकांनी सपात परत पायात चढवली.

“कशा आहेत हो?” काकूंनी विचारलं.

“एकदम मऊ!” काका म्हणाले, आणि वरच्या फळीवरची साखर काढायला चवड्यांवर उभे राहिले.